इंदिराबाईंच्या हातातल्या मुंग्या

गाणगापुरात गुरुबाईंचा चौदा खोल्यांचा लॉज आहे. तिथल्या न्हाणीघरांची आणि मागच्या धुण्याच्या ओट्याची वायरिंग नव्यानं केली ती पंचशीलानं. ती मूळची ठाणाकुशनूरची, आयटीआय शिकलेली, कलबुर्गीत राहून कामं घेणारी. तिनं तुटलेली अर्थिंग जोडली आणि ओल्या जागांसाठी आरसीसीबी नावाचा वेगळा स्विच बसवला.

दुसऱ्याच दिवसापासून तो स्विच पडायला, म्हणजे आपोआप खाली येऊन वीज तोडायला लागला. सकाळी गरम पाणी बंद, यात्रेकरूंची बोलणी. आधी असलं कधी झालं नव्हतं, काढून टाका तो, असं मॅनेजर विरुपाक्षचं म्हणणं. गुरुबाईंनी पंचशीलाला बोलावून तेच सांगितलं.

"अक्का, मी काढणार न्हाई," ती म्हणाली. "तो उगं पडत न्हाई. कुठंतरी करंट गळायलाय. अर्धा तास द्या मला."

तिनं सगळं बंद केलं, स्विच वर केला आणि एकेक गिझर लावत गेली. स्विच टिकला. शेवटी ओट्यावरचं कपडे धुण्याचं मशीन लावलं आणि खटकन सगळं बंद पडलं.

चादरी धुणाऱ्या इंदिराबाई तिथंच उभ्या होत्या, साठी उलटलेल्या. हळूच म्हणाल्या, "पोरी, त्या मशिनीला हात लावला की मुंग्या यायच्या मला. वरीस झालं. वाटलं, वयानं शिरा आखडल्या."

"मग सांगितलं कामून न्हाई, मावशी?"

"काम सुटंल म्हणून."

ओलाव्यानं मोटरीची वायर खराब होऊन थोडी वीज पत्र्यात उतरत होती. अर्थिंग तुटलेली, त्यामुळं ती इंदिराबाईंच्या ओल्या अंगातून जमिनीत जायची. आता ती अर्थिंगनं जाऊ लागली होती. गेलेली वीज पुरी परत आली नाही, की हा स्विच पापणी लवायच्या आत पुरवठा तोडतो. वायर आणखी उघडी पडली असती तर काय झालं असतं, तेही पंचशीलानं सांगितलं.

 गुरुबाई इंदिराबाईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "काम कुठं जात न्हाई तुझं. आता काहीबी झालं तर पहिलं मला सांग." मशीन दुरुस्तीला गेलं. स्विच राहिला.

जाताना इंदिराबाईंनी पंचशीलाला थांबवलं. घरी सून बादलीत रॉड टाकून पाणी तापवते, म्हणाल्या. पुढच्या रविवारी पंचशीला त्यांच्या घरी गेली. तसलाच स्विच बसवला, अर्थिंग केली, रॉडचा प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही, हे सुनेला बजावलं. मग स्विचवरचं बारकं बटण दाखवलं: महिन्यातून एकदा दाबायचं, स्विच पडला तर तो ठीक आहे.

इंदिराबाईंनी पदराला हात पुसून बटण दाबलं. पंखा थांबला.

"पुन्हा दाबू?" त्यांनी विचारलं, आणि सून हसायला लागली.