कुणीच बोललं नाही म्हणे!

"कुणीच बोललं नाही, तर मी काय करू?" असं म्हणून फाइल उचललीस आणि दार आपटून गेलास ना, भोंग्या? अरे, बोलतील कसे? गप्प राहायला तूच शिकवलंस की त्यांना!

मी तुझं जुनं स्टूल बोलतोय. तुझ्या मंत्री-दालनाच्या कोपऱ्यात डोक्यावर फुलझाडाची कुंडी घेऊन उभा आहे.

कारखान्याच्या सुतारानं मला मशीनच्या पेटीच्या फळ्यांतून ठोकलं. एक पाय आखूड पडला. सुतार म्हणाला, "असू दे. वर चढलेला जास्त वेळ बोलणार नाही." त्या माणसाचं डोकं मोठं होतं.

तू तेव्हा भट्टीवर कोळसा ओढायचास. कर्ण्याशिवाय तुझा आवाज चार शेडपलीकडं जायचा, म्हणून भोंग्या. युनियनचा पुढारी झालास आणि नियम घातलास. तक्रार असेल त्यानं स्टुलावर चढायचं. पुढाऱ्यानं खाली बसून ऐकायचं. जमिनीवरून कुणी तोंड उघडायचं नाही. कारण आधी सगळे एकदम ओरडायचे आणि मालक हसायचा, "आधी तुमचं तुम्ही ठरवा."

एकदा झाडूवाली मावशी चढली. आखूड पायावर मी डुगडुगलो.

"मावशी, पडलीस तर झेलतो," तू खालून म्हणालास.

"झेलतोस कशाला मेल्या, ऐक आधी!"

तू ऐकलंस. बारा दिवस संप केलास आणि बायकांसाठी वेगळे संडास बांधायला लावलेस. माझ्यावर किती पाय पडले असतील, पण मावशीचे ते तळवे मला अजून आठवतात.

मग निवडून आलास, मंत्री झालास. लोक म्हणतात विकला गेलास. थोबाड फोडीन त्यांचं! मला गाडीत मांडीवर घेऊन आलास इथं. भाजलेल्या कामगाराला भरपगारी रजा तूच मिळवून दिलीस, त्यासाठी स्वतःच्याच पक्षाशी भांडलास. पण दिवसाला दहा बैठका, जेवायला फुरसत नाही, जो तो येऊन साहेब साहेब करतो. सचिवानं माझ्यावर कुंडी ठेवली, तेव्हा "छान दिसतंय" म्हणालास. थकलेला माणूस असंच म्हणतो. मी रागावलो नाही.

आज मात्र रागावलोय.

आपल्या जुन्या कारखान्यातले पाच भट्टीवाले आले होते. भट्टीला आतून तडा गेलाय. ती बंद करून विटा बदलायला पाहिजेत. मालकाला ती अजून सहा महिने तशीच चालवायची सूट हवीय. तू खुर्चीतून म्हणालास, "बोला रे."

त्यांच्यात पुढं तुझा सख्खा साडू होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, कुंडीकडं बघितलं, सचिवाच्या कोऱ्या चेहऱ्याकडं बघितलं. चढायचं कुठं? आणि जमिनीवरून बोलायचं म्हणजे तुझाच नियम मोडायचा. वीस वर्षं पाळलेला. पाची जण खालमानेनं उभे राहिले. सचिवानं लिहून टाकलं, 'कामगारांची हरकत नाही.'

ते गेल्यावर शिपाई चहाचे कप उचलत म्हणाला, "साहेब, ती माणसं गेली नाहीत अजून. खाली जिन्यापाशी थांबलीत. तुमचे साडू म्हणतात, आम्हाला बोलायला जागाच दिली नाही."

त्यावर तू त्या गरीब शिपायावर खेकसलास आणि सूट द्यायची फाइल घेऊन लिफ्टनं उतरलास, गाडीत बसून बैठकीला निघालास.

भोंग्या, उद्या सकाळच्या पाळीला अकरा माणसं त्या तड्यासमोर उभी राहणार आहेत. साडू पहिला. भट्टी फुटली तर मालक सुटेल. म्हणेल, सही तर त्यांच्याच माणसाची आहे. आणि तू? तुला मी ओळखतो. तू त्यानंतर घास गिळू शकणार नाहीस. मेव्हणीला तोंड दाखवू शकणार नाहीस.

सचिव म्हणेल, लिहिलेलं आता फिरवता येत नाही. त्याला म्हणावं, गप बस.

ते पाचजण अजून जिन्यापाशीच आहेत. सही करू नकोस. गाडी वळव.