बैल उधळला

वळणावर माझं काम एकच, माणसं दोरीच्या मागे ठेवायची. सिन्नरच्या माळावर मोटारींची शर्यत आणि अख्खं गाव बांधावर! धूळ, शिट्ट्या, भेळवाल्यांची आरडाओरड; माझाच पाय ठरत नव्हता. त्यात एकेक करून सुटणाऱ्या गाड्यांत आता पाळी माझ्या धाकट्या भावाची, अमोलची. तो दुसऱ्या नंबरावर होता आणि पहिला यायला ही शेवटचीच फेरी उरली होती. सकाळीच त्याने बजावलं होतं, "ताई, जीव माझा आहे, मी लावीन पणाला. तू फक्त लाल झेंडा काढू नकोस." लाल झेंडा म्हणजे फेरी रद्द.

वॉकीटॉकी खरखरली. मी आनंदाच्या भरात ओरडले, "गाडी सुटली!"

झालं! इथल्या मंडळींची हयात बैलगाड्यांच्या शर्यतीत गेलेली. तिथे 'सुटली' म्हटलं की माणूस बघायला पुढे धावतो. सगळे दोरी ओलांडून रस्त्यावर! "मागे सरका!" म्हणून मी घसा फोडला, पण ऐकतो कोण? उलट एकाने मलाच सुनावलं, "बाई, आम्ही लय शर्यती पाह्यल्यात." माझा पारा चढला. टेकाडामागे इंजिन गुरगुरायला लागलं, तेव्हा कुठे मला अक्कल सुचली.

"पळा! बैल उधळला!"

काय सांगू! बायका, पोरं, पुढारी, सगळे धडपडत बांधावर. रस्ता साफ! मी स्वतःचीच पाठ थोपटली. आता अमोल जिंकणारच.

तेवढ्यात एक म्हातारा बांधावरून खाली उतरला आणि रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिला.

"पुंजाबाबा, मागं या!" लोक ओरडले.

"तुम्ही व्हा वर! मी धरतो त्याला!"

जन्मभर बैल राखलेला माणूस. उधळलेल्या बैलाला आडवं जायचं, एवढंच त्याला ठाऊक. वळणाअलीकडे धुळीचा लोट उठला. अमोलचा चेहरा डोळ्यांपुढे आला, तरी मी झेंडा उचलून गाडीच्या दिशेने धावत सुटले. लाल!

टायर किंचाळले. गाडी तिरपी होत पुंजाबाबांच्या पुढ्यात येऊन थांबली. अमोल हेल्मेट भिरकावून माझ्यावरच धावला. "ताई, जिंकत होतो ना मी!"

पुंजाबाबा अजून तसेच, हात पसरून, धुळीत डोळे ताणून बघत होते. त्यांनी अमोलचा दंड धरला आणि त्याला आपल्या मागे ओढलं.

"पोरा, माझ्या मागं ऱ्हा. तिकडून बैल येतोय, तुला लागंल."

अमोल तिथेच रस्त्यात मटकन खाली बसला.