एकशे आठ टाक्यांचा स्वेटर

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मग निवांत ऐका. माझी एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं लांब आहे. गळा डावीकडे झुकलाय, जणू कोणाचं बोलणं चोरून ऐकतोय. तरी मी स्वेटरच आहे; हळदीच्या रंगाचा, तान्ह्या लेकराचा, घरी विणलेला. दुकानात ठेवलं असतं, तर दुकानदाराने मला पायपुसण्यांच्या ढिगात टाकलं असतं.

माझा जन्म अमरावतीचा. जवाहर गेटच्या आतल्या एका दुकानात मी लोकरीचे सहा गुंडे होऊन पडलो होतो. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी कौशल्याबाई आल्या आणि मला पिशवीत घालून आधी अंबादेवीच्या पायांशी घेऊन गेल्या. त्यांची लेक अपेक्षा अकोल्याला दिलेली. लग्नाला आठ वर्षं झाली, तेव्हा कुठे तिला दिवस गेले होते. बाई हात जोडून म्हणाल्या, "माय, लेकरू सुखरूप येऊ दे. तुयं नाव घेत घेत स्वेटर विणीन, अन् बारशाच्या दिवशी त्याच्या अंगात घालीन."

कौशल्याबाईंना व्रतांचा सराव दांडगा. सोमवार, संकष्टी, नवरात्र, सगळं पाठ. सराव नव्हता तो फक्त विणकामाचा. सुया हातात धरून तीस वर्षं झाली होती.

मोबाइलवर एक बाई हिंदीतून शिकवत होती. ती म्हणाली, "साठ फंदे डालिए." कौशल्याबाईंनी मोबाइल खाली ठेवला. साठ? एका टाक्याला एक नाव घ्यायचं, तर एका ओळीत एक माळ व्हायला नको? मग काय, त्यांनी सुईवर एकशे आठ टाके घातले. माझ्या आयुष्याचा घोटाळा तिथेच झाला, आणि तोही अगदी भक्तिभावाने.

मी रुंद होत चाललोय, हे मला तिसऱ्या ओळीतच कळलं होतं. पण लोकरीला तोंड नसतं.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून घरात डिंक, खारका आणून ठेवल्या होत्या. पण डॉक्टरांनी अपेक्षाला प्रवास बंद केला आणि अंथरुणाला खिळवलं. आता अमरावतीत बसून आईने करायचं काय? ती मला विणत होती. अपेक्षाचा फोन आला, की माझे टाके सैल पडायचे. फोन आला नाही, की इतके घट्ट, की सुई आत शिरायची नाही. कोणता दिवस कसा गेला, ते माझ्या पाठीवरून हात फिरवला की कळायचं.

पाठ संपली. पुढचा भागही झाला. कौशल्याबाईंनी मला कौतुकाने पलंगावर पसरवलं. त्यांचे यजमान नत्थुजी चहा पीत होते. त्यांनी मला उचललं आणि सहज आपल्या छातीला लावून पाहिलं. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत बरोब्बर!

"अवो," ते म्हणाले, "हे लेकराले करून राहिली का मले?"

तेवढ्यात शेजारच्या पंचफुलाबाई वाटी घेऊन विरजण मागायला आल्या. मला पाहून दारातच थांबल्या. "अगं माय! ही म्हशीची झूल कोणाची व?"

मी लाजेने चुरगळलो. कौशल्याबाई मात्र रडायलाच लागल्या.

"रडतं काहून? उसव अन् पुन्हा घाल," पंचफुलाबाई म्हणाल्या.

"कशी उसवू, काकू? एकेका टाक्यात देवीचं नाव हाय. इकडे मी नाव उसवलं, अन् तिकडे पोरीचं काही उसवलं तर?"

नत्थुजींनी मला हळूच खाली ठेवलं. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की मी नुसता स्वेटर नाही. बाईंनी सगळी भीती माझ्यातच विणून ठेवली होती.

पुढचे आठ दिवस मी देवघराशेजारी घडी होऊन पडलो. बाई मला विणतही नव्हत्या, उसवतही नव्हत्या. रोज हळदकुंकू मात्र लावायच्या. मी देवाच्या जवळ गेलो खरा, पण लेकराच्या कामातून गेलो.

नवव्या दिवशी पंचफुलाबाई पुन्हा आल्या. विरजण हे निमित्त. कौशल्याबाई जप करत होत्या. माळ पूर्ण झाली, तशी त्यांनी ती बोटांवर उलटवली आणि पुन्हा जप सुरू केला.

"थांब," पंचफुलाबाई म्हणाल्या. "आता काय केलं तू?"

"माळ फिरवली. मोठा मणी वलांडत नाई ना, काकू. मेरूमणी हाय थो."

"म्हंजे आली त्याच वाटेनं मांगं चालली?"

"हो."

"मंग नाव पुसलं गेलं का तुयं? दुप्पटच झालं ना?" त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "यालेबी फिरव तशीच."

कौशल्याबाईंनी हातातली माळ देवापुढे ठेवली. मग उठल्या. नत्थुजींना समोर बसवून त्यांचे दोन्ही हात पुढे करायला लावले आणि माझं टोक ओढलं. एक टाका सुटला, की एक नाव. ओळीमागून ओळ. नत्थुजींच्या हातांवर मी गोळा होत गेलो, मॅगीसारखा वाकडातिकडा. ते मधेच पेंगायचे, हात खाली जायचे आणि बाई नाव न थांबवता त्यांना कोपराने ढोसायच्या.

मला धुऊन, वाळवून, ताणून पुन्हा सुईवर चढवलं. या वेळी चोपन्न टाके. दोन ओळींची एक माळ.

अंग झालं, एक बाही झाली, आणि अकोल्याहून फोन आला. सहा आठवडे आधीच मुलगी झाली होती. पावणेदोन किलोची. काचेच्या पेटीत ठेवली होती. नत्थुजी आणि बाई मिळेल त्या एसटीने निघाले, आणि मी सुयांसकट पिशवीतून.

दवाखान्याच्या बाकावर माझी दुसरी बाही विणली गेली. तिचं माप घ्यायला हवं होतं. पण बाई विणतच राहिल्या, कारण हात थांबले की त्यांना काचेची पेटी दिसायची. मनगट आलं आणि गेलं. त्या विणत होत्या. दहाव्या दिवशी सकाळी नर्स बाहेर येऊन म्हणाली, "आजी, घेऊन जा तुमच्या नातीले. दूध चांगलं पिऊन राहिली आता." तेव्हा कुठे त्यांनी शेवटचा टाका बंद केला. माझी चार बोटं लांबी ही अशी.

बारशाला मी तिच्या अंगात गेलो. म्हणजे ती माझ्यात गेली आणि दिसेनाशी झाली.

"पोट्टी कुठं गेली व?" पंचफुलाबाई खास अमरावतीहून आल्या होत्या. त्यांनी गळ्यातून आत डोकावून पाहिलं. "हाय, हाय! झोपली हाय आतमधी!"

अपेक्षा किती महिन्यांनी पोट धरून हसली. "आई, हे हिच्या मापाचं कधी होईन?"

"होईन ना," कौशल्याबाई म्हणाल्या. "मोठी होईन थे. आता काय घाई हाय?"

सध्या अकोल्यात ऊन बेचाळीसच्या वर आहे आणि मी कपाटात कडुनिंबाच्या पाल्यात घामाघूम पडलोय. पण तक्रार नाही. आजी आली, की मला बाहेर काढून नातीवर मापून पाहते. पंख्याखाली, वरच्या वर. परवा मापताना माझ्या खालून दोन गुबगुबीत पाय बाहेर आले आणि त्यांतल्या एकाने मला सणसणीत लाथ घातली.

मारू दे. पोरी, मार खुशाल! फक्त एकच मागणं आहे. थंडी येईपर्यंत मला पुरून उरू नकोस.