रिकामा खिळा

साधनानं पडद्याची कडा उलटून पाहिली. इस्त्रीचा तपकिरी डाग तिथंच होता. सहा वर्षं दर रविवारी व्हिडिओ कॉलवर हा डाग तिनं पाहिला होता. वर नवऱ्याला चिडवलंही होतं, की इस्त्री तरी धड करत जा. सोफा तोच, भिंतीवरचा खिळाही तोच. पण तो नेहमी रिकामा असायचा. आज त्यावर फोटोची फ्रेम होती, आणि फ्रेममध्ये स्वतःच्या नवऱ्याशेजारी हसणारी बाई आत्ता स्वयंपाकघरात चहा करत होती.

"ह्या बानूभाभी. आमच्या रफिकभाईंच्या मिसेस," एवढं बोलून सुजीत बॅगा आणायला परत खाली पळाला होता. विमानतळापासून शारजातल्या ह्या टॉवरपर्यंत तो गाडीत धड बोललाच नव्हता. आपण कुठं चाललोय, हेही नाही.

बानू चहा घेऊन आली. दापोलीकडची होती.

"घ्या वहिनी. सुजीतभाऊंचा बिनसाखरेचा वेगळा ठेवलाय." ओढणी तोंडाशी धरून ती खोकली. "हा मेला एसी. बारा महिने खोकला."

"त्यांनी साखर सोडलीय, हे मला आत्ता कळतंय," साधना म्हणाली. "रफिकभाई दिसत नाहीत?"

"फुजैराला असतात, पोर्टवर. पंधरवड्यातनं एकदा घरी येतात."

"आणि हे? हे कधी येतात?"

बानूनं कप उगाच सरळ केला. "दर रविवारी."

हे घर साधनानं माहेरी, शेजारीपाजारी, सगळ्यांना कौतुकानं दाखवलं होतं. आमच्या ह्यांचा फ्लॅट म्हणून. चहा तिनं तसाच ठेवला.

सुजीत बॅगा घेऊन दारात आला.

"तुमची खोली कुठली?" तिनं विचारलं.

"आतली. भाभींनी महिनाभरासाठी आपल्याला..."

"आपली नाही. तुमची."

तो बॅगेचा पट्टा बघत राहिला. "उम्म अल कुवैनला. कंपनीची आहे. आठजण असतो. तिथं बायकांना नेता येत नाही."

"असं."

तिचा विश्वास बसला नाही. न नेता येणाऱ्या खोलीबद्दल माणूस काहीही सांगेल. आणि ही बाई गप्प का? तिच्या जागी मी असते तर एव्हाना 'वहिनी, तसं काही नाही' म्हटलं असतं.

तेवढ्यात सुजीतचा फोन वाजला. कराडहून अस्मी, त्यांची लेक. व्हिडिओ कॉल.

सुजीत चटकन सोफ्याच्या कोपऱ्यात बसला, कॉलर नीट केली. बानू उठली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं खिळ्यावरची फ्रेम उतरवली, टीपॉयवरचा आपला चष्मा उचलला, दाराशी ठेवलेल्या चपला घेतल्या आणि आतल्या खोलीत जाऊन आवाज न करता दार लावून घेतलं. सगळं फोन वाजत असतानाच. भिंतीवर रिकामा खिळा राहिला.

सहा वर्षं दर रविवारी हेच होत आलं होतं, हे साधनाला कळलं. तिला स्वतःची लाज वाटली. सुजीतचा रागही आला, पण कॉलर नीट करून बसलेल्या त्या माणसाकडे बघून तो टिकला नाही. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि फोन तिनंच घेतला.

"आई, पोचलीस? पप्पांचं घर दाखव ना."

तिनं फोन फिरवून पडदा दाखवला, सोफा दाखवला, भिंत दाखवली.

"अजून तो खिळा रिकामाच? पप्पा म्हणजे ना."

"आता मी आलेय ना. लावू काहीतरी."

दारामागे बानू खोकली. दाबून, पण ऐकू आलंच.

"आई? तिथं कोण आहे?"

सुजीतचा चेहरा उतरला. साधनानं फोन भिंतीकडेच धरून ठेवला आणि ती मोठ्यानं खोकली.

"मीच गं," ती म्हणाली. "आपल्या घरातला एसी सोसत नाहीये मला."