गाडी हवा घेते

"मार," मास्तर म्हणाले.

पिकअपमध्ये बसलेल्या माणसानं किल्ली फिरवली. स्टार्टर घरघरला, इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. बॉनेटखाली वाकलेल्या मास्तरांचं लक्ष मात्र बाटल्यांकडे होतं. चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या काढून त्यांनी चार रिकाम्या बाटल्यांत सोडल्या होत्या. इंजेक्टर धड असेल तर त्यातून थोडंसंच डिझेल परत येतं. पहिल्या आणि चौथ्या बाटलीचा जेमतेम तळ झाकला होता. मधल्या दोन अर्ध्या भरल्या होत्या.

"पुन्हा मारू?"

"नको. बॅटरी बसेल."

सहा वर्षांत दोघा भावांमध्ये झालेलं हे सगळ्यात लांब बोलणं होतं.

मास्तर धाकटे. डिझेलपंप आणि इंजेक्टर दुरुस्त करण्यात त्यांची बत्तीस वर्षं गेली होती. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, आणि कुठला सिलिंडर कुरकुरतोय ते सांगायचं. म्हणून ड्रायव्हर लोक त्यांना कानमास्तर म्हणायचे. आता डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, पण ते गिऱ्हाइकाला सांगण्यासारखं नव्हतं. गुडघेही बोलायला लागले होते. कालपर्यंत सरळ वाटणारं काम हल्ली दुपारीच अंगावर यायचं.

दादा त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठा. पिकअपमधून टाइल्स पोचवायचा. तीन गॅरेजवाल्यांनी बॅटरी बदलली, स्टार्टर बदलला, हीटर प्लग बदलले आणि शेवटी हात टेकले. तिसरा म्हणाला, "आता कानमास्तरांकडेच न्या, काका. हे त्यांचंच काम." त्या बिचाऱ्याला काय माहीत, कानमास्तर काकांचे कोण ते.

दादाशेजारच्या सीटवर वहिनी बसली होती. उजवा हात मांडीवर पडलेला, कुणी तिथं आणून ठेवल्यासारखा. तिला व्यायामाला न्यायचं होतं, म्हणून ती बरोबरच होती.

"वहिनी, चहा सांगू?" मास्तरांनी खिडकीपाशी जाऊन विचारलं.

तिनं मान हलवली. नको. मग त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिली. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा मास्तर बारा वर्षांचे होते. शर्टाला बटण लावायला, अंडं न फोडता उकडायला आणि कुणी ओरडलं तरी उलट न बोलायला तिनंच शिकवलं होतं. पैकी तिसरं त्यांना कधी जमलं नाही.

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी, भांडी घासता घासता, तिला अर्धांगाचा झटका आला. दादानं तिला कसंबसं पिकअपमध्ये बसवलं आणि किल्ली फिरवली. गाडी लागेना. शेजाऱ्याची गाडी मिळून निघेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. चारच दिवस आधी मास्तरांनी त्या गाडीचं सर्व्हिसिंग केलं होतं. दवाखान्याच्या बोळात दादा म्हणाला होता, "तुझ्या हातची गाडी होती रे." आणि मास्तर म्हणाले होते, "बॅटरी मेली असेल तुझी. माझ्या हातून काही राहत नाही." जरा मोठ्यानंच म्हणाले होते. दोन नर्स वळून बघायला लागल्या. तिथून पुढे अबोला.

मास्तरांनी बाटल्या उतरवल्या, हात पुसले.

"मधले दोन इंजेक्टर गेलेत. डिझेल आत फवारायच्या ऐवजी परत फिरतंय, त्यामुळे दाब बनत नाही. चारही बदललेले बरे."

"मोठे मिळतात म्हणे. चढाला गाडी फार रडते. पहिल्या गिअरवर रेटावी लागते."

"एक नंबर मोठे टाकू. त्याच्या वर नको. नुसता धूर ओकेल आणि इंजिन तापेल."

"बघ तुझं तू."

बस्स. मास्तर एरवी गिऱ्हाइकाला दहा प्रश्न विचारायचे. सकाळी लागत नाही की गरम झाल्यावर? उतारावर लावता की सपाटीला? टाकी भरलेली असते की रिकामी? त्या दिवशी त्यांनी एकही विचारला नाही. विचारलं असतं तर बोलत बसावं लागलं असतं.

इंजेक्टर तिसऱ्या दिवशी आले. मास्तरांनी जुने काढले, बसायच्या जागा कापडानं लखलखीत पुसल्या, खाली नवे तांब्याचे वॉशर टाकले. प्रत्येक इंजेक्टरचा नंबर यंत्रावरून गाडीच्या कॉम्प्युटरला शिकवला. किल्ली मारताच गाडी लागली. आवाज असा गोल की डाव्या कानालासुद्धा बरं वाटलं. चढाचा रस्ता पकडून त्यांनी एक फेरी मारली. दुसऱ्या गिअरवर गाडी विनातक्रार वर गेली. दादा गाडी घेऊन गेला. जाताना हात वर केल्यासारखं केलं, किंवा आरसा नीट केला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"नाही लागली."

"किती वेळ मारलास?"

"तू ये."

मास्तर हत्यारांची पिशवी स्कूटरला अडकवून निघाले. दादाचं घर चढावर होतं आणि पिकअप नेहमीसारखी चढाकडे तोंड करून उभी होती. फाटकाची कडी कुठल्या बाजूला आहे हे सहा वर्षांनी त्यांच्या हाताला आठवलं. दादा बॉनेट उघडून उभा होता.

"झालं! दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला," मास्तर स्वतःवरच चिडून म्हणाले. दादा हसला नाही. त्यानं फिल्टरवरचं रबरी बटण अंगठ्यानं दाबायला सुरुवात केली. एक, दोन, तीन...

"हे काय करतोस?"

"पंप मारतोय. वीसएक वेळा मारला की लागते. अलीकडे तेवढ्यानंही लागेना, म्हणून तर तुझ्याकडे आणली."

"रोज मारतोस?"

"रोज सकाळी. सहा वर्षं झाली."

मास्तर त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिले. अंगठ्याच्या पेरावर घट्टा पडला होता.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

आता विचारायचं काही उरलंच नव्हतं. गाडी हवा घेत होती. टाकीपासून फिल्टरपर्यंत कुठंतरी एक बारीक फट होती. डिझेल त्यातून बाहेर यायचं नाही, म्हणून कुणाला ओल दिसायची नाही. पण रात्रभर गाडी चढावर उभी राहिली की तिथून हवा आत शिरायची आणि नळीतलं डिझेल मागे टाकीत उतरायचं. सकाळी नळी कोरडी. इंजेक्टर गेले होते हेही खरं, पण ते अलीकडचं दुखणं. हे जुनं होतं.

त्यांनी गोणपाट अंथरलं आणि गाडीखाली सरकले. टाकीच्या वरच्या अंगाला, जिथं हात जेमतेम जातो, तिथं टॉर्चचा उजेड टाकला. लोखंडी नळीत मधे बोटभर रबरी नळीचा तुकडा जोडलेला होता. रबर वाळून तडकलं होतं. एका बाजूला डिझेलचा क्लिप होता आणि दुसऱ्या बाजूला पाण्याच्या पाइपाचा, एक नंबर सैल. क्लिपच्या स्क्रूवर पिवळ्या रंगाचा ठिपका होता.

मास्तर काम झाल्यावर प्रत्येक स्क्रूवर पिवळा ठिपका लावायचे. त्या भागात दुसरं कुणी लावत नसे.

उताणं पडल्या पडल्या त्यांना सगळं आठवलं. तिथली मूळची नळी उंदरानं कुरतडली होती. जवळ डिझेलची नळी नव्हती, क्लिपही एकच होता. ते मनाशी म्हणाले होते, आज चालून जाईल, पुढच्या आठवड्यात नीट करतो. पुढच्या आठवड्यात वहिनी दवाखान्यात होती. आणि बोळातल्या त्या बोलण्यानंतर ही नळी त्यांच्या डोक्यातून अशी पुसली गेली, की कुणी शपथ घालून विचारलं असतं तरी ते नाही म्हणाले असते.

गाडीखालून दादाच्या चपला दिसत होत्या. तुकडा काढून खिशात घालावा, नवी नळी टाकावी, "जुनी झाली होती" म्हणावं, की संपलं. दादा गाडीखाली कधीच जाणार नव्हता. मास्तर बराच वेळ तसेच पडून राहिले. पाठीला खडे टोचत होते.

"सापडलं का काही?" चपलांनी विचारलं.

ते तुकडा काढून बाहेर आले. बसूनच बोलले.

"दादा, ही नळी मी टाकली होती. त्या वेळच्या सर्व्हिसिंगला. क्लिप चुकीचा लावला होता. त्या दिवशी गाडी यानंच लागली नाही. बॅटरीनं नाही."

दादानं तुकडा हातात घेतला, उलटसुलट केला. मग फाटकाच्या कट्ट्यावर बसला.

"बॅटरी मी दुसऱ्याच दिवशी बदलली," तो म्हणाला. "वर्षभर पुढे ढकलत होतो ना. तू म्हणालास बॅटरी, मला पटलं. तुझा कान, तुझा हात. कुणालाही पटलं असतं."

"दादा..."

"पंपाचं दुखणं मागाहून लागलं असं धरलं होतं. पण सहा वर्षं रोज पंप मारताना मनात यायचं, चार दिवस आधी बदलली असती तर." त्यानं तुकडा मुठीत धरला. "डॉक्टरांना विचारलं होतं मी. म्हणाले, चाळीस मिनिटांनी फरक पडलाही असता, नसताही पडला. असं कुणी उत्तर देतं का?"

मास्तरांना उलट बोलायला आता काहीच नव्हतं.

"तिला तू सांग," तुकडा परत देत दादा म्हणाला. "मी तिला बॅटरी सांगितलंय."

वहिनी ओसरीवर खुर्चीत बसली होती, बाहेर जायचे कपडे करून. मास्तर खालच्या पायरीवर बसले आणि तिच्याकडे न बघता सगळं सांगितलं. उंदीर, नळी, क्लिप, बोळातलं बोलणं. तिनं डावा हात पुढे केला. त्यांनी तुकडा तिच्या हातात दिला.

"एव... ढीशी?" ती म्हणाली.

"हो."

तिनं तो तुकडा बराच वेळ बघितला. रागावली का, तिच्या चेहऱ्यावरून कळेना. चेहऱ्याची एक बाजू तिच्या ताब्यात नव्हती. तुकडा तिनं परत दिला नाही. मास्तरांनी मागितलाही नाही.

ते गाडीकडे गेले. पिशवीतून डिझेलची खरी नळी काढली, दोन नवे क्लिप लावले, दोनदा आवळून बघितले. हवा काढली. दादानं किल्ली फिरवली आणि गाडी लगेच लागली. गाडी चालू ठेवूनच दादा ओसरीवर गेला. व्यायामाची वेळ होत आली होती.

वहिनीच्या खुर्चीसमोर तो वाकला आणि कमरेला हात लावून तसाच थांबला. बासष्ट वर्षांचा माणूस, दिवसभर टाइल्स उचलणारा.

"काय झालं?"

"पाठ. चार दिवस धरलीय." मग मान न वळवता म्हणाला, "धर जरा दुसरीकडून."

मास्तर पायऱ्या चढून गेले. दोघांनी वाकून एकमेकांची मनगटं धरायची आणि तिला मधे घ्यायची, असं दादानं हातानंच दाखवलं. वहिनीनं डावा हात आपणहून दादाच्या गळ्यात टाकला. उजवा मास्तरांच्या बाजूला तसाच लोंबत होता. त्यांनी आपले हात पँटला पुसले, पुन्हा पुसले. डिझेलचा वास काही जाणार नव्हता. मग तिचा उजवा हात अलगद उचलून आपल्या मानेवर घेतला. हात गार होता आणि दिसत होता त्यापेक्षा बराच जड.

"उचल," दादा म्हणाला.