तुळशीरामची शिट्टी

रविवारी दुपारी अधारताल वस्तीच्या मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. बांगलादेशाची लढाई पेटलेली, दारूगोळ्याच्या कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या. तरी फिटर, टर्नर, बाबू, त्यांच्या बायका, सगळे हजर. मधोमध लोखंडी चिमटा खणखणवत चिमटेवाले बाबा बसले होते आणि पुढ्यात गोधडीवर चार वर्षांचा श्रीकांत. पोराच्या श्वासागणिक गळ्यात बारीक, तीक्ष्ण शिट्टी वाजे आणि गर्दीच्या अंगावर काटा येई.

"सुन लो! तुळशीराम बोल रहा है!" बाबा गरजले.

तुळशीराम कारखान्यात मुकादम होता. शिट्टी फुंकून माणसं हलवायचा. महिन्यापूर्वी स्फोटात त्याच्या चिंधड्या उडाल्या. पाळी खरी श्रीकांतच्या बापाची, गुणवंतची होती. लग्नाला जायचं म्हणून त्याने ती तुळशीरामशी बदलून घेतलेली. बाबांना हे कळलं आणि आयतंच सावज सापडलं.

श्रीकांतची आई कुंदा कोपरं मारत गर्दीत घुसली. इस्पितळातून ती क्षणभर औषध आणायला गेली, तेवढ्यात नवऱ्याने पोर पळवलं होतं. घटसर्पाने गळा बंद झाला म्हणून घशात घातलेली नळी डॉक्टर विनीताबाईंनी सकाळीच काढली होती. शिट्टी सुरू झाली तेव्हा त्यांनी समजावलं होतं, "नळीनं घसा आतून सुजलाय. वाट अरुंद झाली, म्हणून हवा वाजते. सुईनं आणि औषधाच्या वाफेनं उतरेल. त्याला रडू मात्र देऊ नका."

आणि इथे बाबांनी पोराच्या उघड्या पाठीवर चिमटा हाणला. श्रीकांत घोगरं किंचाळला, शिट्टी दुप्पट झाली.

"देखा? तिलमिला रहा है!"

पुन्हा चिमटा. पुन्हा. पाठीची कातडी फुटून रक्त वाहू लागलं.

"अहो, मारून राहिला तो त्याला!" कुंदा ओरडली.

गुणवंतने तिचे दंड आवळले. "काहून मधात येतेस? माझ्या पापानं आलंय ते. निघून राहिलं, बघ."

शिट्टी खरंच मंदावली, मग बंद झाली. बाबांनी पोराच्या गळ्याला तोंड लावून जोरात चोखलं, ताठ उभे राहिले आणि तीच शिट्टी त्यांच्या तोंडातून वाजली! भूत बाबांनी गिळलं! माणसं धडाधड पायावर पडली.

पोराकडे पाहत होती एकटी कुंदा. ओठ निळे, प्रत्येक श्वासाला बरगड्यांमध्ये खड्डे. सुटका झालेलं पोर असं दिसतं? त्याच्यात शिट्टी वाजवण्याइतकाही दम उरला नव्हता. तिने नवऱ्याच्या हाताला कडकडून चावा घेतला, चिमटा हिसकला आणि बाबांच्या जबड्यावर सणकन हाणला.

मातीत एक दात पडला. त्यामागून लाळेत भिजलेली पत्र्याची शिट्टी, जत्रेत मिळते तशी.

"अरे, ये तो मेले वाली सीटी है!" कुणीतरी म्हणालं.

"भूत नाही गेलं, माझं पोर मरून राहिलं!" कुंदा किंचाळली.

आता गुणवंत हलला. पोर उराशी धरून रिक्षाकडे धावला. मागे, पाया पडणारे हातच बाबांना बडवू लागले. त्यालाही कुणी शहाणपण म्हणू नये. तेही आंधळेच हात होते.

इस्पितळात विनीताबाईंनी सुई टोचली, वाफ दिली. श्रीकांत आईच्या मांडीवर टेकून बसला. संध्याकाळी शिट्टी परत वाजली तसा गुणवंत दचकला. "डॉक्टरीणबाई, पुन्हा आलं!"

"येऊ द्या. आता हवा आत जातेय. मघाच्या शांततेत तो दमून संपत आला होता." विनीताबाई म्हणाल्या. "गुणवंतराव, तुळशीराम शिट्टी कशी वाजवायचा?"

"फुंकून."

"म्हणजे श्वास बाहेर सोडून. आता पोराची ऐका. कधी वाजते?"

गुणवंतने कान लावला. छाती आत ओढली जाई तेव्हाच आवाज. सोडताना जवळजवळ नाहीच. त्याने पुन्हा ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि हमसून रडू लागला.

"तुळशीरामच्या घरी एकदा गेलो नाही मी," तो म्हणाला. "त्याच्या बायकोला तोंड दाखवायची हिंमत नव्हती, अन् पोराला मार खायला बसवलं."

कुंदाचा राग इतक्यात जाणार नव्हता, आणि का जावा?

श्रीकांत वाचला, पाठीवरचे वण राहिले. मायबापहो, पोराचा आवाज बंद पडला तर जयजयकार करू नका. आधी त्याची छाती पाहा, ओठ पाहा आणि दवाखान्याकडे धाव घ्या. भूत म्हणून जे झोडपलं जातं, त्याखाली रक्त आपल्याच लेकराचं वाहतं.