धुतलेली नरफळं

जावईबापू औषधांच्या दुकानात वाढलेले. बाटलीवरची तारीख उलटली की त्यांना स्वतःलाच खोकला यायचा.

सासूबाईंच्या बागेत अंजिराची एकोणचाळीस मादी झाडं आणि कोपऱ्यात एक नर. नराची फळं कोरडी, बेचव. "घरातल्या पुरुषांसारखीच," सासूबाई म्हणायच्या, "पण वर्षातून आठवडाभर लागतात." त्या आठवड्यात ती फळं दोऱ्यात ओवून मादी झाडांना टांगायची. आतून चिलटाएवढ्या माश्या पराग माखून निघतात आणि अंडी घालायला मादी अंजिराच्या टोकाच्या भोकातून घुसतात. अंडी घालणं तिथे जमत नाही. पराग मात्र पडतो आणि फळ धरतं. नाहीतर सगळ्या हिरव्या गोट्या गळतात.

यंदा सासूबाईंचा गुडघा सुजला आणि माळांचं काम बापूंकडे आलं. त्यांनी टोपलीतलं एक फळ उचललं, तर त्यातून काहीतरी काळं चालत बाहेर आलं.

संध्याकाळी ते शाबासकी घ्यायला घरात आले. "सगळी किडकी होती. दोन तास मिठाच्या पाण्यात बुडवली, पुसली, मगच टांगली. आता एक किडा सापडायचा नाही!"

सासूबाईंनी कपबशी खाली ठेवली. "बापू, वऱ्हाड बुडवून मांडव सजवलात हो!"

"मग आता?"

"दोन दिवसांत माश्या मिळाल्या नाहीत, तर यंदाचं पीक गेलं. आपल्या झाडावर एकही फळ उरलं नाही. दुसरं नर झाड भिंतीपलीकडे, माझ्या जावेकडे. सहा वर्षं बोलणं नाही. मरेन, पण तिची पायरी चढणार नाही."

"मरू नका. मी चढतो."

भिंतीपलीकडच्या घरी धाकट्या जाऊबाईंनी सगळं ऐकलं आणि दाराची चौकट धरून हसल्या. "साबण नाही लावलात?"

"साबणाचा वास राहतो."

त्या पुन्हा हसल्या. "फळं नेऊ देते. पण हे तुमच्या सासूसमोर पहिल्यापासून सांगायचं. एकटीनं हसण्यात काय मजा!" आणि फळांनी भरलेली टोपली स्वतःच उचलून निघाल्या.

सकाळी दोघी जावा अंगणात माळा ओवत होत्या. बापू तिसऱ्यांदा सांगत होते.

"बादली केवढी होती, ते राहिलं," सासूबाई म्हणाल्या.

"आणि पुसली कशानं?" जाऊबाईंनी विचारलं.

"कापसानं," बापू पुटपुटले आणि माळ घेऊन झाडाकडे सटकले. बाहीवरून एक माशी चालत होती. झटकायला उचललेला हात त्यांनी आवरला, श्वास रोखला आणि बाही अलगद फांदीला टेकवली.